स्टोअरच्या मशीनला चित्रं आली

डेपोतल्या सुट्या भागांच्या स्टोअरकीपरला तोंडावर भाऊसाहेब म्हणत आणि पाठ फिरली की कुलूप. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडत होतं. साहेब काय, कोणालाही म्हणतात. कुलूप म्हणवून घ्यायचं तर आत काहीतरी असावं लागतं.

आत होतं ते असं. बस डेपोच्या मागच्या अंगाला एक लांबट पत्र्याचं गोदाम, त्यात छताला टेकलेले रॅक, रॅकवर वॉशरपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं, आणि कुठलं कुठे आहे हे फक्त एका मशीनला माहीत. त्या मशीनवर चित्रबित्र काही नव्हतं. काळा पडदा, त्यावर हिरवट अक्षरं, आणि शेवटी एक लुकलुकणारी रेघ, जी समोरच्याकडे ‘हं, बोला’ अशा नजरेनं बघत असे. बोलायचं मात्र तिच्या भाषेत, आणि ती भाषा अख्ख्या डेपोत एकट्या भाऊसाहेबांना येत होती. जाळीच्या खिडकीशी मेकॅनिक ग्रीसचे हात चिंधीला पुसत उभा राहायचा, “काका, मागच्या ब्रेकचा सिलिंडर,” म्हणायचा, आणि भाऊसाहेब चष्मा काढायचे. पुसायचे. उजेडात धरून बघायचे. मग घालून एकेक अक्षर टाइप करायचे, जणू सिलिंडर स्वतःच्या बरगडीतून उपटून देत आहेत.

“काका, गाडी जॅकवर चढवून ठेवलीय हो.”

“मग उतरव. कोणी सांगितलं होतं चढवायला?”

घाईत असलेल्या माणसाला थांबवून ठेवण्यात जे सुख आहे त्याची सर कशालाच नाही, आणि भाऊसाहेबांना ते सुख सरकारी सुट्ट्या वगळता रोज मिळत होतं.

त्यांच्या हाताखाली मिस्त्री होता. तो पूर्वी वर्कशॉपात इंजिनं खोलायचा. प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली, तिसरं राहिलं पण वाकेनासं झालं, तेव्हा त्याला हलकं काम म्हणून स्टोअरला दिला. हलकं म्हणजे काय हे भाऊसाहेबांनी ठरवलं: बॅटऱ्या, क्लचच्या प्लेटा, डिफरन्शियलचे खोके. मिस्त्रीला मशीनही शिकवा, असं वरून आलं होतं. भाऊसाहेब म्हणाले, “शिकवतो की. आधी रॅक पाठ होऊ देत.” रॅक पाठ झाले. “आता भागांचे नंबर.” नंबरही झाले. “बरं, आता हात जरा बरा होऊ दे.” त्यानंतर वर्षं गेली, भाऊसाहेब बोटं फुटायची वाट पाहत होते.

बाहेरचं कोणी आलं की ते ओळख करून देत, “हे आमचे मिस्त्री. मोजणीचं काम यांना देत नाही आम्ही. आठाच्या पुढे अडतात.” यावर सगळ्यांच्या आधी मिस्त्री हसायचा. आपण आधी हसलो की बाकीच्यांचं लवकर आटपतं, हे त्याला कळलं होतं.

भाऊसाहेबांची निवृत्ती जवळ आली तशी त्यांना मुदतवाढ हवीशी वाटू लागली. तशी घरी अडचण काही नव्हती. अडचण घर हीच होती. बायको पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवायची. खोलीच्या मधोमध कापायचं टेबल, भिंतीला लागून मशिनं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलींची ये-जा. मागे एकदा ताप आला म्हणून भाऊसाहेब काही दिवस घरी होते. स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले होते. पाणी प्यायला आलेली मुलगी त्यांना पाहून दारातच थबकली, तेव्हा बाहेरून बायकोचा आवाज आला, “जा गं, जा. काही करत नाहीत ते.”

निवृत्तीचा विषय निघाला तेव्हा बायकोनं दातातली टाचणी काढली आणि विचारलं, “अहो, म्हणजे रोज? दिवसभर?”

“मग कुठे जाऊ?”

“तेच विचारतेय मी. मी कुठे जाऊ?”

यात राग नव्हता. नवं कपाट येणार म्हटल्यावर माणूस जशी भिंत डोळ्यांनी मोजतो, तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

डेपोला नवीन मॅनेजरबाई आल्या होत्या. वयानं लेकीसारख्या, आवाजानं नर्ससारख्या. त्यांनी भाऊसाहेबांना बोलावून घेतलं, समोर बसवलं, चहा मागवला. भाऊसाहेबांनी चहाकडे पाहिलं आणि ओळखलं की काहीतरी कापलं जाणार आहे.

“मुख्य कार्यालयानं स्टोअरचा नवा प्रोग्राम पाठवलाय,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक भागाचा फोटो. फोटोवर माउसनं दाबलं की रॅक नंबर येतो. पण त्याला आधी मशीनवर डेस्कटॉप लागतो. तो तुम्ही चढवा.”

“चढायचा नाही मॅडम. जुनं मशीन आहे. सिस्टिम वेगळी आहे, तिला चित्रं मानवत नाहीत.”

“मी विचारून घेतलं. चढतो. त्यांचा माणूस यायला वर्ष लागेल, आणि मशीन तुमच्याइतकं कोणाला कळतंय?” बाई गोड हसल्या. “मिस्त्रींना एकट्यानं चालवता आलं पाहिजे, एवढं बघा. ते झालं की तुमच्या मुदतवाढीचं बोलते मी वर.”

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. पण धोंडा आपणच शोधायचा, आपणच उचलायचा, नेमका पायावर बसेल असा धरायचा, आणि वेळेत पाडला म्हणून वर बक्षीस मागायचं, हा प्रकार भाऊसाहेबांना नवा होता. त्यांनी चहा संपवला. टाकून दिला असता तर बाईंना कळलं असतं.

ऑफिसातून नेटची वायर स्टोअरपर्यंत ओढून आणली आणि भाऊसाहेब कामाला लागले. त्यांची समजूत अशी होती की डेस्कटॉप म्हणजे एक वस्तू. हुकूम दिला की येईल आणि बसेल. मशीननं यादी दाखवली ती पडद्याखाली वाहतच राहिली. डेस्कटॉप म्हणजे वस्तू नव्हती, बिऱ्हाड होतं. पडद्यावर रेघा ओढणारा एक, खिडक्यांना चौकटी लावणारा दुसरा, उंदरामागे धावणारा तिसरा, अक्षरांची वळणं सांभाळणारा चौथा, आणि दारात उभं राहून नाव-गाव विचारणारा आणखी एक. शिवाय प्रत्येकाचे मेहुणे, साडू आणि त्यांची पोरं. ‘सगळ्यांना घेऊ का?’ असं मशीननं विचारलं. भाऊसाहेबांनी बाणेदारपणे ‘नाही’ म्हटलं आणि एकट्या पडदेवाल्यालाच आत घेतलं.

त्याला चालू केलं तेव्हा पडदा काळाभोर झाला आणि मधोमध एक फुली उमटली. माउस हलवला की फुली हलायची. बाकी काही नाही. दाबा, ओढा, आपटा. फुली ती फुलीच.

मागे बॅटरी घेऊन उभा असलेला मिस्त्री म्हणाला, “झालं का भाऊसाहेब?”

“झालं. फुली आली बघ. शाळेत पुष्कळ पाहिल्या असशील.”

मिस्त्री हसला. बॅटरी खाली ठेवून मग पुन्हा हसला, कारण पहिल्या वेळी ओझ्यामुळे नीट जमलं नव्हतं.

मग भाऊसाहेबांनी हार खाल्ली आणि बाकीचं बिऱ्हाड आत घेतलं. पहिल्यांदा अक्षरं एवढी मोठी आली की पडद्यावर एकच शब्द मावेना. मशीनमधल्या चित्राच्या कार्डाला आपला असा वेगळा सोबती लागत होता. तो आणला. मग अक्षरं शहाण्यासारखी झाली, खाली एक पट्टी आली, पट्टीवर घड्याळ आलं, आणि मागे एक डोंगर, एक तळं आणि तळ्यात उलटा डोंगर. भाऊसाहेब बराच वेळ त्या तळ्याकडे बघत बसले. सुरेख होतं. आपल्याच घराला परक्यांनी रंग द्यावा आणि तो आपल्याला आवडावा, याहून वाईट काय असतं?

तीन बटणं एकदम दाबली की डोंगर-तळं नाहीसं होतं आणि मागे जुना काळा पडदा तसाच असतो, हे त्यांना सापडलं तेव्हा जिवात जीव आला. पुढच्या खोलीत पाहुणे भरले असले तरी मागच्या खोलीत आपलं अंथरूण शाबूत होतं.

आणि त्यांच्या हातून जी चूक झाली ती मागच्या खोलीतच झाली. मशीनवर प्रत्येकाला आपापली एक खोली असते. साध्या माणसानं आपल्या खोलीपुरतं पाहायचं. एक मालक मात्र असा असतो की त्याला सगळ्या खोल्या मोकळ्या. मालकाचं नाव गरजेपुरतंच घ्यावं, काम झालं की उतरवून ठेवावं, हे या सिस्टिमचं पहिलं बाळकडू. भाऊसाहेबांनी ते नाव एकदा अंगावर चढवलं ते उतरवलंच नव्हतं. नुसतं किती वाजले ते बघायचं असलं तरी ते मालक होऊन बघत. मिस्त्रीचं खातं तयार करायची वेळ आली तेव्हा ते मिस्त्रीच्या खोलीत गेले आणि सवयीनं तिथेही मालक झाले, आणि मालक म्हणूनच त्यांनी डेस्कटॉप सुरू करून पाहिला. सुरू झाला. बंद केला. झालं म्हणाले.

सकाळी दारावरच्या पडद्यावर त्यांनी मिस्त्रीचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडदा मिचकला आणि पुन्हा दार. पुन्हा टाकलं. पुन्हा दार. पासवर्ड चुकला तर खाली लाल अक्षरांत तशी ओळ यायची. इथे लाल काही नव्हतं. मशीन ‘या’ म्हणत होतं, आत घेत होतं आणि मानगूट धरून बाहेर ठेवत होतं.

मागच्या खोलीत जाऊन त्यांनी कारण हुडकलं. मिस्त्रीच्या खोलीत एक बारकीशी फाइल होती, डेस्कटॉपचा प्रवेशपासच म्हणा. आत येताना दर वेळी त्यावर लिहावं लागतं. काल मालक येऊन गेल्यामुळे ती फाइल मालकाच्या नावावर झाली होती, आणि मिस्त्रीला आपल्याच खोलीत आपल्याच पासवर लिहायची मनाई झाली होती. फाइल मिस्त्रीच्या नावावर परत करायची, की संपलं. एका ओळीचं काम.

भाऊसाहेबांनी ती ओळ टाइप केली. शेवटचं बटण दाबायला बोट उचललं आणि ते तिथेच राहिलं. बाहेर मिस्त्री कोणाला तरी सांगत होता, “आता मीच देणार हो तुम्हाला सिलिंडर. दाबला फोटो की आला.” आवाजात एक नवीन गोष्ट होती. त्याला डौल म्हणतात, आणि तो भाऊसाहेबांनी स्टोअरमध्ये आजवर दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

त्यांनी ओळ पुसली. शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत, सावकाश.

प्रोग्राम चालवून दाखवायच्या दिवशी मॅनेजरबाई आल्या, वर्कशॉपचा फोरमन आला, जाळीला दोन-चार मेकॅनिक चिकटले. मिस्त्री दाढी करून आणि इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आधी भाऊसाहेबांनी आपल्या नावानं आत जाऊन दाखवलं. डोंगर आला, तळं आलं, प्रोग्राम उघडला, फोटोंच्या रांगा आल्या.

“काका, सिनेमाच लावलात की,” जाळीतून एक जण म्हणाला.

मग मिस्त्री खुर्चीत बसला. त्यानं खुर्ची आधी हातानं पुसली. डाव्या हाताचं एक बोट वर धरून, अक्षर शोधून, दाबून, पुन्हा वर धरून त्यानं पासवर्ड लिहिला. पडदा मिचकला. दार.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

पुन्हा दार.

“मिस्त्री, इंजिन नाही ते,” फोरमन म्हणाला. “हातोडा नको, हळू घ्या.”

जाळीपलीकडे खसखस पिकली. मिस्त्रीनं तिसऱ्यांदा लिहिलं. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला तरी त्यानं पुसला नाही, एकच हात कामाचा होता आणि तो गुंतला होता.

“शेजारचं अक्षर दाबलं जात असेल रे,” भाऊसाहेब मायेनं म्हणाले. “सावकाश कर. आपल्याकडे तुटवडा बोटांचा आहे, वेळेचा नाही.”

या वेळी बाईसुद्धा हसल्या. हसू आवरता आवरता त्या पडद्याकडे वाकल्या. “पण चुकलं असं म्हणत नाहीये ते.”

भाऊसाहेब घाईनं पुढे झाले. “नवीन आहे ना मॅडम,” ते म्हणाले. “चूक तोंडावर सांगायला लाजतं.”

बाई आणखी काही विचारणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलता बोलता त्यांनी भाऊसाहेबांना खूण केली, तुम्ही लिहून बघा. भाऊसाहेब मिस्त्रीच्या खांद्यावरून वाकले, त्यांच्या पाठीआड पडदा झाकला गेला, आणि त्यांनी मिस्त्रीचं नाव खोडून आपलं नाव लिहिलं, आपला पासवर्ड लिहिला. डोंगर आला, तळं आलं.

“बघा. उघडतं,” भाऊसाहेब म्हणाले.

मिस्त्रीचा चेहरा त्यांच्या बगलेखाली होता. पण तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो आपल्या हाताकडे बघत होता. दोन्ही नव्हे, चांगल्या हाताकडे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा चहा मागवला.

“तुमची मुदतवाढ झाली,” त्या म्हणाल्या. “मिस्त्रींना मात्र घरी पाठवावं लागतंय. हलकं काम म्हणून इथे दिलं होतं, आता त्याहून हलकं देणार तरी काय?”

मिस्त्री मशीनवरून जाईल एवढाच भाऊसाहेबांचा बेत होता. तो स्टोअरमधूनच जाईल हे त्यात नव्हतं. “पण मॅडम, सामान काढायला...”

“नवा प्रोग्राम आला की स्टोअरला एकच माणूस, हे वरून आधीच आलं होतं. दोघांतला कोण, ते बघायचं होतं. मशीन ज्याला उघडता येतं तो, असं मी ठरवलं.” बाईंनी बशी त्यांच्याकडे सरकवली. “तुमच्या नावानं उघडतं ना? मग सकाळी आलात की उघडून ठेवत जा. मेकॅनिक आत येऊन आपापलं शोधतील, फोटो आहेत, लहान मूलही शोधेल. तुम्ही नुसतं काढून द्या.”

“काढून म्हणजे?”

“रॅकवरून,” बाई नर्सच्या आवाजात म्हणाल्या.

घरी त्यांनी बातमी सांगितली तेव्हा बायको एका मुलीच्या पाठीवर फीत धरून उभी होती. “किती मिळाली?”

“एक वर्ष.”

“मग पुढच्या वर्षीही विचारा,” ती म्हणाली आणि मुलीला म्हणाली, “सरळ उभी राहा गं.”

जाळी काढून टाकली. जो येईल तो सरळ आत येऊन खुर्चीत बसू लागला. माउसवर ग्रीस चढलं, खुर्चीवरही चढलं, तळ्यातल्या डोंगराला कोणीतरी बोटाचा ठसा लावला. भाऊसाहेब शिडीवर असत.

“काका, वरचा. तो नाही हो, त्याच्या मागचा. अहो, फोटोत निळा दिसतोय.”

“निळाच आहे हा.”

“मग जुना असेल. ठेवा परत. खालचा बघू.”

पोरं मुद्दाम करत नव्हती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्यांना खरंच घाई होती. भाऊसाहेबांचे गुडघे संध्याकाळी दाराच्या बिजागऱ्यांसारखे वाजू लागले, आणि डिफरन्शियलचा खोका उचलताना कमरेत काय होतं ते त्यांना आता नावानिशी कळलं. ती एक ओळ त्यांना अजून पाठ होती. लिहिली की मिस्त्रीला दार उघडलं असतं, मिस्त्री परत आला असता, आणि स्टोअरला माणूस एकच लागत होता. मग स्वयंपाकघरातलं स्टूल होतं. भाऊसाहेब पुढचा खोका उचलत.

एके दिवशी मिस्त्री आला. ऑफिसात कसल्याशा सह्या करायच्या होत्या म्हणे. खुर्चीत एक मेकॅनिक फोटो सरकवत होता. भाऊसाहेब शिडीच्या वरच्या पायरीवर, छातीशी खोका धरून.

“भाऊसाहेब, एक विचारायचं होतं. रागावणार नसाल तर.”

“विचार.”

“घरी पोरीच्या मोबाइलवर तो पासवर्ड मी रोज लिहून बघतो. तिथे बरोबर येतो. एकदाही चुकत नाही. म्हणून म्हटलं, इथे काय होत होतं माझं?”

खोका जड होता. भाऊसाहेबांनी तो पायरीवर टेकवला आणि श्वास घेतला. वरून मिस्त्रीच्या डोक्यावरचा विरळ झालेला भाग दिसत होता.

“मोबाइलवर नुसतं बोट ठेवायचं असतं,” ते म्हणाले. “इथलं बटण दाबावं लागतं. जोर लागतो.”

मिस्त्रीनं चांगलं बोट हवेत दोन-तीनदा वाकवून पाहिलं. “हां,” तो म्हणाला. “जोर नाही राहिला तेवढा.”

“तेच.”

“वाढवला तर? म्हणजे सराव केला, तर मॅडम पुन्हा बघतील?”

“कर की. सराव कधी वाया जात नाही.”

“तुम्ही त्यांच्या कानावर घालाल का एकदा?”

“घालतो.”

“काका, या खोक्याला किती वेळ?” खुर्चीतला म्हणाला. “गाडी जॅकवर आहे.”

मिस्त्रीनं सवयीनं वर दोन्ही हात केले. भाऊसाहेबांनी खोका त्याच्या हातांत सोडला. त्यानं तो पोटाशी आवळून टेबलावर नेऊन ठेवला, हात झटकले, आणि घरी सराव करायला गेला.